दोन वर्षांच्या आधी नाही, सात वर्षांच्या नंतर नाही : अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज आणि त्यावरची तारीख

१/ १९ फेब्रुवारी १९२३. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या विरोधात निकाल दिला : भारतीय मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. (हे भगतसिंग निराळे. आपले भगतसिंग त्या वेळी पंधरा वर्षांचे होते.) थिंड यांच्या बाजूने काम पाहणाऱ्या वकिलांत एक नाव होते सखाराम गणेश पंडित. पंडित स्वतः भारतीय होते आणि जवळपास नऊ वर्षे अमेरिकेचे नागरिकही होते. निकालाने अशिलाचे नागरिकत्व गेले आणि वकिलाचे टांगणीला लागले. पुढे वकिलाचे मात्र वाचले. का वाचले, याचे उत्तर एका तारखेत आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२/ परदेशी मनुष्याने किती वर्षे राहिल्यावर नागरिकत्व मागावे, हा अमेरिकेत आरंभापासून राजकारणाचा प्रश्न होता. १७९० च्या पहिल्या कायद्याने दोन वर्षांचा निवास पुरेसा मानला. १७९५ मध्ये पाच वर्षे झाली. १७९८ मध्ये एकदम चौदा. नवे स्थलांतरित जेफरसन यांच्या पक्षाला मते देतात, ही सत्ताधारी फेडरलिस्टांची धास्ती त्यामागे होती. जेफरसन सत्तेवर आले आणि १८०२ मध्ये मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली. सर्वसाधारण अर्जदारासाठी ती आजही तेवढीच आहे.

३/ १७९० च्याच कायद्यात आणखी एक अट होती, तिचा वर्षांशी संबंध नव्हता. अर्जदार ‘मुक्त गोरी व्यक्ती’ असला पाहिजे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा समावेश झाला. आशियाई माणसाचे काय, याचा उलगडा कायद्याने केला नाही. तो प्रत्येक न्यायाधीश आपापल्या मगदुराप्रमाणे करू लागला.

४/ कागद दोन असत. ‘पहिला कागद’ म्हणजे इरादापत्र : आपला इथे कायमचे राहण्याचा आणि नागरिक होण्याचा मानस आहे, मायदेशाच्या राजाशी असलेली निष्ठा आपण सोडणार आहोत, अशी शपथ. दुसरा कागद म्हणजे प्रत्यक्ष अर्ज. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ जण पहिल्या कागदावरच थांबत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली सरकारी जमिनीवर दावा सांगायला तो पुरे. कित्येक राज्यांत तर त्यावर मतदानही करता येई. अर्धे नागरिकत्वच म्हणा ना.

५/ आणि निवडणूक तोंडावर आली की दुसऱ्या कागदांचा पूर लोटे. १८६८ च्या निवडणुकीआधी न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉलच्या पुढाऱ्यांनी हजारो लोकांना घाऊक भावाने नागरिक करून घेतले. न्यायाधीश आपलेच, साक्षीदार आपलेच.

६/ या सगळ्याला लगाम घातला २९ जून १९०६ च्या कायद्याने. तो वेळापत्रकाने भरलेला आहे. पाच वर्षांचा अखंड निवास, त्यातले शेवटचे एक वर्ष त्याच राज्यात. इरादापत्रानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा नाही आणि सात वर्षे उलटू द्यायची नाहीत, उलटली तर पहिला कागद रद्दी. अर्ज दाखल झाल्यावर तो नव्वद दिवस जाहीर लावून ठेवायचा, सुनावणी त्यानंतर. सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीच्या तीस दिवसांत कोणालाही नागरिकत्व द्यायचे नाही. ही शेवटची अट वाचताना टॅमनी हॉल आठवावा.

७/ याच कायद्याच्या पंधराव्या कलमात एक सुरुंग होता. फसवणुकीने किंवा ‘बेकायदा’ मिळवलेले प्रमाणपत्र सरकार न्यायालयात जाऊन रद्द करून घेऊ शकत होते. त्याचा स्फोट व्हायला सतरा वर्षे लागली.

८/ त्या काळात अर्ज करणाऱ्या भारतीयांना नशीब साथ देताना दिसते. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने भिकाजी बलसारा या पारशी व्यापाऱ्याचे नागरिकत्व मान्य केले. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मजुमदार नागरिक झाले. ७ मे १९१४ रोजी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सखाराम पंडितांना नागरिकत्व दिले. ते १९०६ मध्ये अमेरिकेत आले होते.

९/ पंडितांच्या सुनावणीतला एक तपशील ध्यानात ठेवा. सरकारचा परीक्षक हजर होता. अर्जदार गोरा नाही, असा आक्षेप त्याने घेतलाही. न्यायाधीशांनी तो ऐकून फेटाळला. सरकारने अपील केले नाही. कदाचित कोणाला ते महत्त्वाचे वाटले नसावे. पंडित १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकील झाले, १९२० मध्ये त्यांनी एका अमेरिकन स्त्रीशी विवाह केला आणि घर घेतले.

१०/ थिंड १९१३ मध्ये आले, म्हणजे पाच वर्षांचा हिशेब १९१८ मध्ये पुरा होणार होता. मात्र त्यांनी दुसरी वाट धरली. मे १९१८ च्या कायद्याने सैन्यात भरती झालेल्या परदेशी माणसाला इरादापत्र आणि पाच वर्षे या दोन्हींतून सूट दिली होती. थिंड जुलैमध्ये भरती झाले आणि ९ डिसेंबर १९१८ रोजी, गणवेशात असतानाच, नागरिक झाले. ते नागरिकत्व चार दिवस टिकले. १३ तारखेला ते रद्द झाले, कारण पुन्हा तेच : गोरे नाहीत. त्यांनी शेजारच्या ओरेगनमध्ये नव्याने अर्ज केला आणि नोव्हेंबर १९२० मध्ये तो मंजूर झाला. या खेपेस सरकार गप्प बसले नाही.

११/ आता न्यायालयाच्या दिनदर्शिकेकडे पाहा. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराचा खटला निकाली निघाला. त्यांनी पहिला कागद १९०२ मध्ये केला होता आणि दुसरा १९१४ मध्ये. न्यायालय म्हणाले, ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा, जपानी मनुष्य तसा नाही. थिंड यांच्या पक्षाला हा निकाल हर्षाचाच वाटला असणार. कारण त्या काळचे वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत होते.

१२/ तीन महिन्यांनी तेच न्यायालय आणि निकाल लिहिणारे तेच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी कसोटी फिरवली. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. निकाल एकमताचा होता. थिंड पक्षाचा युक्तिवादही काही निष्कलंक नव्हता, हे नमूद केले पाहिजे. वंश हीच कसोटी अन्याय्य आहे असे त्यांनी म्हटले नाही. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून कुंपणाच्या आत आहोत, असे म्हटले. जातीचा दाखला अमेरिकेत चालला नाही.

१३/ यानंतर पंधराव्या कलमाचा सुरुंग उडाला. ज्यांचे अर्ज पूर्वीच मंजूर झाले होते, त्यांच्यावर सरकारने एकामागून एक खटले भरले : भारतीय गोरे नाहीत, सबब त्यांची प्रमाणपत्रे मुळातच बेकायदा. मजुमदारांचे नागरिकत्व गेले, १९२४ मध्ये अपीलही फेटाळले गेले. कॅलिफोर्नियात याची झळ थेट जमिनीला लागे, कारण नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परदेशीयाला तिथे शेतजमीन बाळगता येत नसे. आणि देशाबाहेर पाऊल टाकावे, तर १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी परतीचे दार लावलेले.

१४/ पेशावरहून १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोत आलेले वैष्णोदास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. प्रमाणपत्र गेले, दुकान गेले. भारतात जाण्यासाठी अमेरिकन पारपत्र मागितले तर मिळेना. ब्रिटिश पारपत्र घ्या, असे सांगण्यात आले. ज्या साम्राज्याशी नाते तोडण्याची शपथ याच देशाने घ्यायला लावली होती, त्याच साम्राज्याचे ते पारपत्र. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी या अवस्थेला जबाबदार धोरण स्पष्ट शब्दांत लिहिले आणि ते पत्र वृत्तपत्रापर्यंत पोहोचले.

१५/ पंडितांवरही १९२३ मध्ये खटला झाला. या वेळी त्यांनी वंशशास्त्राला हात लावला नाही. आर्य कोण, कॉकेशियन कोण, सगळे बाजूला ठेवले आणि १९१४ चे कागद पुढे केले. आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. न्यायालयाने त्यावर निर्णय दिला होता. अपिलाची संधी होती, सरकारने ती सोडली. त्या निर्णयावर विसंबून आपण इथे वकिली उभी केली, घर केले, भारतातले हक्क सोडले. आता प्रमाणपत्र गेले तर वकिली जाईल आणि पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात येईल, कारण तेव्हाच्या कायद्यांत स्त्रीचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वाला बांधलेले होते.

१६/ भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ ला आपण ‘प्राङ्न्याय’ म्हणतो : एकदा निकाली निघालेला मुद्दा त्याच पक्षकारांना पुन्हा उकरता येत नाही. अमेरिकन कायद्यातही हेच तत्त्व आहे. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तेच लावले आणि सरकारचा दावा फेटाळला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अर्जदाराने दोन वर्षांच्या आधी येऊ नये आणि सात वर्षांनंतर येऊ नये, असे सांगणाऱ्या सरकारला प्रथमच सांगितले गेले की तुमचीही वेळ टळली आहे. याच अपील न्यायालयाने दोन वर्षांपूर्वी मजुमदारांना परत पाठवले होते, हे विसरता येत नाही.

१७/ यानंतर सरकारने उरलेले खटले सोडून दिले. ज्यांची प्रमाणपत्रे तोवर रद्द झाली होती, त्यांना ती परत मिळाली नाहीत. नवा अर्ज करू पाहणाऱ्याला तर वाटच नव्हती. थिंड यांनी १९३५ चा कायदा येईपर्यंत वाट पाहिली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या, पण वंशामुळे अपात्र ठरलेल्या सैनिकांना त्याने नागरिकत्व खुले केले. १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे ते तिसऱ्यांदा नागरिक झाले. या खेपेस कायमचे.

१८/ इतरांसाठी दार उघडले ते २ जुलै १९४६ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली तेव्हा. नव्या येणाऱ्या भारतीयांचा वार्षिक कोटा शंभर. आधीपासून राहणाऱ्यांना मात्र अर्जाचा हक्क मिळाला. दलीपसिंग सौंद १९२० पासून अमेरिकेत होते, बर्कलेचे गणितातले डॉक्टर, आणि इंपीरियल व्हॅलीत शेती करत होते. पाच वर्षांची अट त्यांनी पाचपट पुरी केली होती. तरी पहिल्या कागदानंतरची दोन वर्षे चुकत नव्हती. डिसेंबर १९४९ मध्ये ते नागरिक झाले.

१९/ १९५० च्या नोव्हेंबरमध्ये वेस्टमोरलंडच्या मतदारांनी त्यांना स्थानिक न्यायाधीश म्हणून निवडून दिले. पद नाकारण्यात आले. निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला एक वर्ष पुरे झाले नव्हते, काही आठवडे कमी पडत होते. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, तिथे पोहोचलेले पहिले आशियाई. प्रतिनिधीला सात वर्षांचे नागरिकत्व लागते, अशी राज्यघटनेची अट आहे. मतदानाच्या दिवशी सौंद यांची सात वर्षे भरलेली नव्हती. ३ जानेवारी १९५७ रोजी, शपथेच्या दिवशी, ती भरून जेमतेम काही दिवस झाले होते.