दोन मुक्कामांमधला शिधा : अमेरिकेतील दीर्घ रस्ताप्रवासाच्या तयारीचा इतिहास

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या फिरत्या घराला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आरव्ही म्हणतात, आणि वीज, नळाचे पाणी व सांडपाण्याची वाहिनी यांपैकी कशाशीही जोडणी न घेता अशा वाहनातून दिवसचे दिवस केलेल्या मुशाफिरीला ऑफ-ग्रिड प्रवास असे नाव आहे. या प्रवासाची तयारी आज सौर तक्ते, बॅटऱ्या आणि टाक्या यांच्या हिशेबाने होत असली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न जुनाच आहे : पुरवठा मिळण्याच्या दोन ठिकाणांमध्ये अंतर किती, ते कापायला दिवस किती लागतील आणि तेवढ्या दिवसांचा शिधा वाहनाला पेलवेल का? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली, आणि त्या बदलांत वाहनाच्या सुधारणेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, वाटा वाटेवरच्या व्यवस्थेचा होता. ती व्यवस्था कोणी उभारली आणि तिचे दार कोणाला उघडे होते, यावर प्रवाशाने घरून काय न्यायचे हे ठरत आले.

या इतिहासाचा आरंभ १८४० च्या दशकातील ऑरेगन मार्गापासून धरणे सोयीचे ठरते. मिसूरी नदीजवळच्या इंडिपेंडन्स या गावापासून ऑरेगनमधील विलामेट खोऱ्यापर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरची ही वाट होती, आणि बैलगाड्यांचा तांडा दिवसाला सरासरी २० ते २५ किलोमीटर चालत असल्यामुळे ती पार करायला चार ते सहा महिने लागत. तयारीतील पहिला निर्णय सामानाचा नसून तिथीचा असे. निघण्याची घाई केली तर माळावर गवत उगवलेले नसे आणि बैल उपाशी राहत. उशीर केला तर शेवटच्या पर्वतरांगा बर्फाने बंद होत. म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा आरंभ हा प्रस्थानाचा काळ ठरून गेला होता, आणि आजच्या वायोमिंगमधील इंडिपेंडन्स रॉक हा खडक ४ जुलैच्या सुमारास गाठला तर तांडा वेळेवर आहे, असा ठोकताळा रूढ झाला होता. १८४६ मध्ये डॉनर तांड्याने जवळची वाट म्हणून सांगितला गेलेला एक न मळलेला मार्ग धरला, त्यात कित्येक आठवडे गमावले आणि सिएरा नेवाडा पर्वतात तो बर्फात अडकला. त्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. हिशेबातले दिवस चुकले की बरोबर घेतलेला शिधाही अपुरा पडतो, याचे हे उदाहरण पुढच्या प्रवाशांसमोर कायम राहिले.

ही जवळची वाट ज्याने छापील पुस्तकातून सुचवली होती, त्याच लॅन्सफर्ड हेस्टिंग्जच्या १८४५ च्या मार्गदर्शिकेत शिध्याचे प्रमाणही दिलेले होते : दर माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड बेकन, म्हणजे खारवून धुरावलेले डुकराचे मांस, १० पौंड कॉफी, २० पौंड साखर आणि १० पौंड मीठ. चार प्रौढांच्या कुटुंबासाठी हे वजन ७०० किलोंच्या वर जाते. उलट शेतकामाची जी साधी गाडी बहुतेक कुटुंबे वापरत, तिची साटी सुमारे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे व तिच्यावर ९०० किलो ते एक टनापेक्षा अधिक भार घालणे शहाणपणाचे मानले जात नसे. याचा अर्थ असा की गाडी मुख्यतः धान्याची कोठी होती आणि माणसांनी तिच्यात बसून जावे ही अपेक्षाच नव्हती. आजारी, वृद्ध आणि तान्ही मुले वगळता बाकी सर्वजण बहुतेक वाट पायीच चालत.

अमेरिकी सेनेतील कॅप्टन रँडॉल्फ मार्सी याने युद्धखात्याच्या सूचनेवरून लिहिलेल्या आणि १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रेअरी ट्रॅव्हलर’ या पुस्तकात हेच गणित अधिक काटेकोरपणे मांडले गेले. ११० दिवसांसाठी दर माणशी १५० पौंड पीठ, २५ पौंड बेकन, १५ पौंड कॉफी आणि २५ पौंड साखर एवढेच वजन त्याने गाडीवर ठेवले, आणि उरलेले मांस जिवंत जनावरांच्या रूपाने तांड्याबरोबर हाकत न्यावे, म्हणजे त्याचा भार गाडीवर पडत नाही, असे सुचवले. उष्ण हवेत बेकनची चरबी वितळू नये म्हणून ते कोंड्यात दाबून भरणे, भाज्या सुकवून त्यांच्या घट्ट वड्या करणे, आणि लोणी उकळून त्यावरचा फेस काढत तेलासारखे नितळ झाल्यावर पत्र्याच्या डब्यात झाळून बंद करणे, या त्याने सांगितलेल्या कृतींत टिकाऊपणा आणि हलकेपणा या दोनच कसोट्या दिसतात. लोणी कढवण्याची ही कृती मराठी वाचकाला तुपाची म्हणून लगेच ओळखता येईल.

जनावर आणि चाक यांची निवडही याच तर्काने होई. खेचर बैलापेक्षा चपळ होते, परंतु बैल स्वस्त पडत, माळावरच्या गवतावर तग धरत आणि सहजी चोरीला जात नसत. कोरड्या हवेत चाकाचे लाकूड आकसून लोखंडी धाव सैल होई, म्हणून मार्सीने अशा प्रदेशासाठी ओसेज ऑरेंज या चिवट झाडाच्या लाकडाची चाके योग्य ठरवली. डांबर आणि चरबी यांच्या मिश्रणाचे वंगण गाडीच्या आसाला टांगलेल्या बादलीतून नेले जाई. एवढे करूनही पहिल्या काही आठवड्यांतच बैल थकत आणि अतिरिक्त भार वाटेत टाकावा लागे. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात निघालेल्यांच्या १८४९ च्या गर्दीत फोर्ट लॅरामीच्या परिसरात बेकनचे ढीग, चुली आणि अवजारे टाकून दिलेली आढळत.

या तांड्यांना स्वयंपूर्ण म्हणण्याचा प्रघात असला, तरी वस्तुस्थिती त्याला पूर्णपणे दुजोरा देत नाही. फोर्ट लॅरामी, फोर्ट ब्रिजर आणि फोर्ट हॉल ही प्रथम फर व्यापाऱ्यांनी उभारलेली ठाणी जनावरे बदलण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी उपयोगी पडत. स्नेक नदीच्या काठी शोशोनी लोकांकडून सामन मासे विकत घेतले जात. आणि इंधन म्हणून जाळले जाणारे रानगव्यांचे वाळलेले शेण ज्या माळावरून गोळा होई, तो पॉनी, लाकोटा आदी राष्ट्रांचा प्रदेश होता. तांड्यांच्या जनावरांनी गवत खाऊन टाकले, रानगव्यांचे कळप वाटेपासून दूर हटले, आणि त्यातून उद्भवलेला तणाव हे १८५१ च्या फोर्ट लॅरामी कराराच्या कारणांपैकी एक होते. प्रवाशांच्या यादीत न लिहिलेला हा शिधा इतरांच्या भूमीतून येत होता, आणि प्रवासाचा हेतूही भूमी मिळवणे हाच होता : १८५० च्या कायद्याने ऑरेगनमध्ये पात्र विवाहित दांपत्याला ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली होती.

१८६९ मध्ये युटामधील प्रॉमन्टरी येथे रेल्वेचे रूळ जुळले आणि चार-सहा महिन्यांचा प्रवास काही दिवसांवर आला. दीर्घ पल्ल्याची तयारी ही सर्वसामान्यांची गरज उरली नाही. ती परतली मोटारीबरोबर, आणि या वेळी गरजेपेक्षा हौस म्हणून. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने पलंगात रूपांतर होणारी मागची बैठक आणि घडीचे हात धुण्याचे पात्र असलेली मोटार दाखवली, पण ती धनिकांसाठी होती. सामान्य प्रवासी फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तंबू, पाण्याचे व पेट्रोलचे डबे आणि ठिगळे लावायचे साहित्य बांधून निघे. रस्ते किती वाईट होते याची कल्पना १९१९ च्या सैनिकी वाहनांच्या तांड्यावरून येते : वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचायला त्याला ६२ दिवस लागले. त्याच वर्षी फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही मोटारप्रवाशांची संघटना स्थापन झाली, जिचे सदस्य गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा झाळून आपली खूण मिरवत. हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन, हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांनी या दशकांत केलेल्या तंबूतील सहली वृत्तपत्रांत गाजल्या; त्यांच्याबरोबर आचारी व स्वयंपाकाची स्वतंत्र गाडी असे आणि तंबूंत एडिसनच्या बॅटऱ्यांवर दिवे लागत, ही बाब मात्र साधेपणाच्या वर्णनांत मागे पडे.

१९२० च्या दशकात अनेक शहरांनी मोटारप्रवाशांसाठी नगरपालिकेचे तळ उघडले, जेथे पाणी, शौचालये आणि चुली बहुधा विनामूल्य मिळत. प्रवासी गावात थांबला तर दुकानदारांचा धंदा वाढेल, हा त्यामागील हिशेब होता. गरीब आणि कामाच्या शोधात फिरणारी कुटुंबेही तेथे उतरू लागली, तेव्हा बऱ्याच शहरांनी शुल्क लावून त्यांना दूर ठेवले. तळ उपलब्ध झाल्याने बहुसंख्यांची यादी आखूड झाली, परंतु सर्वांची नाही. कृष्णवर्णीय प्रवाशांना खाणावळी, निवासस्थाने आणि कित्येक पेट्रोल पंपांवरील शौचालये नाकारली जात, त्यामुळे दाट वस्तीच्या प्रदेशातूनही त्यांना अन्न, पांघरुणे, पेट्रोलचे डबे आणि शौचासाठी भांडे बरोबर न्यावे लागे. न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये सुरू केलेली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर लवकरच बंद पडलेली ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका अशा प्रवाशांना आसरा मिळण्याची ठिकाणे सांगे. मार्सीच्या पुस्तकाइतकीच तीही प्रवासाच्या तयारीची संहिता होती. फरक एवढाच की येथे दोन मुक्कामांमधील अंतर भूगोलाने नव्हे, तर वर्णभेदाने वाढवलेले होते.

मोटारीमागे जोडण्याच्या घराचा, म्हणजे ट्रेलरचा, धंदा १९३० च्या दशकात वाढला. त्यातील एका यशस्वी डेट्रॉइटकडील कारखान्याने स्वतःचे नाव ‘कव्हर्ड वॅगन’, अर्थात छत घातलेली जुनी गाडी, असे ठेवले, यावरून नव्या वाहनाला जुन्या स्मृतीचा आधार कसा दिला गेला ते दिसते. महायुद्धानंतर १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले, १९६२ मध्ये मोंटानातील बिलिंग्ज येथे केओए ही खासगी तळांची साखळी सुरू झाली, आणि १९६६ पासून आयोवातील विनेबॅगो कंपनीने मोटारघरे मोठ्या प्रमाणावर तयार करायला घेतली. तळावर वीज, पाणी व सांडपाणी यांच्या तिन्ही जोडण्या, ज्यांना हूकअप म्हणतात, मिळू लागल्याने फिरते घर व्यवहारात स्थिर घरासारखेच जाळ्यावर अवलंबून झाले.

याच काळात उलट दिशेचाही प्रयत्न चालू होता. एअरस्ट्रीम कंपनीचे संस्थापक वॉली बायम १९५१ पासून ट्रेलरांचे तांडे परदेशात नेत असत आणि १९५९-६० मध्ये असा एक तांडा केप टाउनहून कैरोपर्यंत गेला. जेथे हूकअप नाहीत अशा देशांतून फिरायचे तर सगळी सोय वाहनातच हवी, या गरजेला १९५७ च्या ‘इंटरनॅशनल’ या स्वयंपूर्ण ट्रेलरने उत्तर दिले. त्यामागे पूर्वीचे शोध होते : दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये सिद्ध केलेले शोषण-पद्धतीचे शीतकपाट, जे विजेऐवजी ज्योतीच्या उष्णतेवर चालते, बाटलीतील द्रवरूप वायू, आणि १२ व्होल्टची बॅटरी. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झालेला सिलिकॉनचा सौर घट पुढे स्वस्त होत गेल्यावर बॅटरी पुन्हा भरण्यासाठी इंजिन चालवण्याची किंवा तळावर जाण्याची निकड कमी झाली.

आजच्या यादीत म्हणून पीठ आणि बेकन यांची जागा क्षमतांनी घेतली आहे. १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदोपत्री १,२०० वॉट-तास देते, परंतु शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक घेतल्यास तिचे आयुष्य घटते, तर लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी जवळजवळ सर्व साठा देऊ शकते. १५० लिटरची पाण्याची टाकी दिवसाला मिळून २० लिटर वापरणाऱ्या दोघांना जेमतेम आठवडा पुरते. अन्न महिन्याचे नेता येते, वीज रोज मिळते, पाणी डब्यांतून आणता येते. पण शौचालयाच्या मैलापाण्याची टाकी भरली की ती अधिकृत ठिकाणीच रिती करावी लागते, आणि म्हणून बऱ्याचदा मुक्कामाची मर्यादा वाहनात काय नेले यापेक्षा वाहनातून काय बाहेर टाकायचे आहे यावर ठरते. ऑरेगन मार्गावरच्या तांड्यांना हे बंधन नव्हते, आणि त्याची किंमत १८४९ नंतरच्या पटकीच्या साथींत दूषित पाण्याने त्यांच्याकडून वसूल केली.

ऑफ-ग्रिड मुक्काम प्रामुख्याने ज्या भूमीवर होतो, ती पश्चिमेकडील संघराज्याच्या मालकीची भूमी आहे, आणि तिचा मोठा भाग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे. १९७६ च्या कायद्याने ही भूमी वसाहतीसाठी वाटण्याचे जुने धोरण संपवून ती सार्वजनिक मालकीतच राखण्याचे ठरवले. त्यामुळे तेथे राहता येते, पण वस्ती करता येत नाही, आणि एका जागी सामान्यतः १४ दिवसांची मर्यादा पाळावी लागते. हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरणाऱ्यांसाठी १९८३ पासून ॲरिझोना व कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे नेमली गेली, आणि क्वार्टझाइटजवळच्या ला पोसासारख्या क्षेत्रात पाणी भरण्याची व टाकी रिती करण्याची सोयही खात्याने ठेवली. या तळांवर हौशी निवृत्तांबरोबरच भाडे परवडेनासे झाल्याने वाहनात राहणारेही असतात, ज्यांचे जीवन जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने लोकांपुढे आणले. जाळ्याबाहेर राहणे ही एकाची निवड आणि शेजाऱ्याची अगतिकता असू शकते, हे ग्रीन बुकच्या काळाइतकेच आजही खरे आहे.

या साऱ्या इतिहासात पूर्णतः स्वयंपूर्ण असा प्रवासी कोठेच सापडत नाही. फर व्यापाऱ्यांची ठाणी, मूळ रहिवाशांची बाजारपेठ, नगरपालिकेचा तळ, महामार्ग आणि अखेरीस शासकीय भूमीवरचा नळ, यांच्या आधारावरच प्रत्येक पिढीची शिध्याची यादी बेतली गेली. उत्तम तयारी म्हणजे आधार सोडणे नसून पुढचा आधार किती दिवसांनी येतो आणि तो आपल्याला मिळेल की नाही, हे अचूक जाणणे, असेच या याद्यांवरून म्हणावे लागते.