यंत्राशी मोजके बोलणे



संगणकाला काम सांगताना आज आपण पडद्यावरील चित्रांवर बोट ठेवतो. परंतु ज्या यंत्रांवर जगाचा पुष्कळसा व्यवहार चालतो, त्यांच्याशी जाणकार मंडळी अजूनही शब्दांनीच बोलतात. ही बोली कशी घडली आणि नवशिक्याने ती कशी शिकावी, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने ‘मल्टिक्स’ या अवाढव्य योजनेतून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन थॉम्प्सन यांनी फारसे कोणी वापरीत नसलेल्या पीडीपी-७ या लहान यंत्रावर स्वतःची कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. डेनिस रिची यांनी त्यांना साथ दिली. यंत्राची स्मृती अवघी आठ हजार शब्दांची. या साधनदारिद्र्यातच ‘युनिक्स’ जन्मास आली. त्या काळचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे उमटवी. अशा वेळी लांबलचक आज्ञा कोणाला परवडणार? म्हणून आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या झाल्या.

‘पीडब्ल्यूडी’ म्हणजे येथे बांधकाम खाते नव्हे, तर ‘मी कोणत्या कप्प्यात आहे?’ हा प्रश्न होय. ‘एलएस’ म्हणजे येथे काय काय आहे ते दाखव. ‘सीडी’ म्हणजे दुसऱ्या कप्प्यात चल. ‘सीपी’ म्हणजे नक्कल कर. ‘आरएम’ म्हणजे काढून टाक. काम बिनबोभाट झाले की यंत्र बहुधा काहीच बोलत नाही. मौन हीच त्याची पावती.

आपली आज्ञा वाचून तिचा अर्थ लावणारी जी आज्ञावली, तिला ‘शेल’ म्हणतात. प्रणालीच्या गाभ्याभोवतालचे ते जणू कवच. हे नाव फ्रेंच तंत्रज्ञ लुई पूझँ यांनी सुचविले.

पुढे १९७३ साली तिच्यात एक मोलाची भर पडली. बागेतल्या नळीला दुसरी नळी जोडावी तशा आज्ञावल्या एकमेकींना जोडता याव्यात, ही डग मॅकिल्रॉय यांची १९६४ पासूनची कल्पना. थॉम्प्सन यांनी ती प्रत्यक्षात आणली. एका उभ्या रेघेने हे काम होते. विद्यार्थ्यांच्या गावांची यादी ‘सॉर्ट’ने क्रमाने लावावी, तीच रेघेपलीकडील ‘युनिक’ला देऊन मोजण्यास सांगावे; कोणत्या गावचे किती, हे क्षणात कळते.

आता माझीच एक फजिती सांगतो. तारकाचिन्ह म्हणजे ‘येथून पुढे काहीही असो’. ‘जुने’ने आरंभ होणाऱ्या फायली पुसण्यासाठी मी ‘आरएम जुने’ लिहून तारका दिली. पण मध्ये एक मोकळी जागा पडली. शेलने एकट्या तारकेचा अर्थ ‘कप्प्यातील सर्व फायली’ असा लावला, आणि वर्गाचे गुणतक्ते नाहीसे झाले. यंत्राने पुसण्यापूर्वी काही विचारले नाही. दोन रात्री बसून कागदावरून सारे पुन्हा उतरविले.

तेव्हापासून विद्यार्थ्यांना एक नियम सांगतो: पुसण्यापूर्वी तेच शब्द ‘एलएस’ला देऊन पाहा, जे दिसेल तेच जाईल.

१९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. लिनक्सवरही याच आज्ञा चालतात. यंत्रे बदलली, तरी शिस्त तीच राहिली. शेल आपला हेतू ओळखीत नाही. ते आपले शब्द पाळते. म्हणून बोलावे मोजके. पण बोलण्यापूर्वी पाहावे, हे उत्तम.