फिरंगियाची साक्ष

जबलपूरहून शहापुऱ्याकडे जाताना कुंडम लागते. येथले कुंड हे हिरन नदीचे उगमस्थान. या भागात नेमणूक झालेला आपल्यापैकी एखादा अधिकारी रात्री दूरदर्शनवर खुनाची कथा पाहत बसला, तर खुनी कोण, एवढाच प्रश्न त्याला पडतो. या जिल्ह्याच्या इतिहासात मात्र खुनी कोण हे ठाऊक असूनही न सुटणारे एक कोडे आहे.

सीताबर्डीच्या लढाईनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला. १८२२ मध्ये नरसिंहपूरचा कारभार विल्यम स्लीमनकडे आला. आपल्या जिल्ह्यातील एकही गुन्हा आपल्या नजरेतून सुटत नाही, अशी त्याची खात्री होती. वस्तुतः त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेलीत, ठगांचे बिऱ्हाड होते! हे त्याला पुढे ठगांच्याच तोंडून कळले.

या साक्षीदारांत अग्रणी फिरंगिया. जातीने ब्राह्मण, धंद्याने ठगांचा जमादार. आई, बायको व मूल सरकारच्या ताब्यात गेल्यावर त्याला फार दूर पळवेना, आणि १८३० च्या अखेरीस तो सापडला. जीव वाचविण्यासाठी तो माफीचा साक्षीदार झाला. सलोदा येथे त्याने स्लीमनच्या मुक्कामाची जागाच खणावयास लावली. तंबूच्या दोरांपाशी १८१८ साली मारलेला एक पंडित व त्याचे सहा सोबती निघाले. घोडे बांधले होते तेथे एक हवालदार व चार शिपाई निघाले.

हा माणूस निव्वळ राक्षस होता काय? एका तरुण मोगल स्त्रीचा जीव त्याच्यावर जडला होता. जात जाईल या भयाने, स्त्रीवर हात न टाकण्याचा संकेत मोडून, टोळीने तिला संपविले. खुनाने न बाटणारी जात प्रेमाने बाटत होती!

तथापि स्लीमनची बाजूही निखळ उजळ नाही. कुटुंब ओलीस धरून मिळविलेली साक्ष, आणि त्या साक्षीवर शेकडोंना फाशी वा काळे पाणी. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले. किम वॅग्नरसारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी स्लीमनने रंगविलेल्या देवीभक्त पंथाच्या चित्राविषयी शंका घेतली आहे. ती रास्त वाटते. मात्र जमिनीतून निघालेली हाडे खोटी नव्हती.

माफी मिळाली तरी या साक्षीदारांची सुटका झाली नाही. ते जबलपुरातच बंदिवान राहिले, आणि तेथील उद्योगशाळेत त्यांच्यापैकी कित्येकांचे हात तंबू व सतरंज्या विणण्यास लागले.