कंठकर्णनलिका : एका छोट्या मार्गाचा इतिहास

आपल्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ सालचा. त्याच्या कुंड्यांतून भुयारात हवा खेळते. मध्यकर्णात हवा खेळती ठेवण्याचे काम घशाकडून जाणारी कंठकर्णनलिका करते. इटलीच्या युस्टाकीने सोळाव्या शतकात तिचे सविस्तर वर्णन केले. १७०४ मध्ये वाल्साल्वाने नाक-तोंड मिटून जोर करण्याची युक्ती ग्रंथात नोंदवली. १७२४ मध्ये व्हर्सायचा पोस्टमास्तर गियो याने तोंडावाटे नळी घालून स्वतःवरच उपचार केला. व्हिएन्नाच्या पोलित्झरने १८६३ मध्ये रबरी पिशवीने नाकातून हवा भरली. १९५४ मध्ये अमेरिकेत आर्मस्ट्राँगने पडद्यात बारीक नळी बसवली. आता निवडक प्रौढांत फुग्याने नलिका रुंदावतात.

या इतिहासातून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गियोला आपली व्यथा ठाऊक होती. कानाला दडे बसले की प्रौढ तक्रार करतो. मुलांची नलिका आखूड व आडवी असते. मध्यकर्णात द्रव साचतो, बहुधा दुखत नाही, म्हणून मूल बोलत नाही. पुष्कळदा तीनेक महिन्यांत द्रव आपोआप ओसरतो. न ओसरल्यास श्रवणमापन व उपचार हवेत. तोवर ते मूल वर्गात 'दुर्लक्ष करणारे' ठरते. त्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याचा कान तपासून घ्यावा, एवढीच या शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती.