परिचर्या-शिक्षणातील औषधिक्रियाविज्ञानाचे पाठ्यग्रंथ

परिचारिकांना औषधांची क्रिया, मात्रा व दुष्परिणाम शिकविण्यासाठी कोणते ग्रंथ निवडले गेले, याचा इतिहास म्हणजे औषधाबाबत त्यांना किती निर्णय घेऊ दिला गेला, याचाच इतिहास होय. नागपुरात प्रशिक्षित परिचारिका कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापिला. धरमपेठेलगतच्या सीताबर्डी भागात त्याचे कार्य वाढले. त्या काळी परिचारिकेने औषध निवडावयाचे नसून लिहून दिलेले मोजून द्यावयाचे, अशी धारणा होती. साहजिकच शिकविण्याचा भर ग्रेन, ड्रॅम व मिनिम या मापांच्या हिशेबावर असे. भारतीय औषधिकोश १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला व १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. जुने हिशेब हळूहळू मागे पडले.

पुढे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या आर. एस. सातोसकर व एस. डी. भांडारकर यांचा ग्रंथ (१९६९) आणि के. डी. त्रिपाठी यांचा ग्रंथ (१९८५) असे भरीव भारतीय ग्रंथ उपलब्ध झाले. परिचारिकांच्या दृष्टीने मात्र ते अपुरे ठरतात. डिगॉक्सिन हृदयावर कसे कार्य करते, हे त्यांत उत्तम सांगितलेले असते. परंतु गोळी देण्यापूर्वी नाडी मोजावी, प्रौढ रुग्णात ती मिनिटास ६० हून कमी असल्यास गोळी थांबवून डॉक्टरांस कळवावे, हे खाटेजवळचे ज्ञान परिचर्येच्या पुस्तकातच शोधावे लागते.

असे ज्ञान सविस्तर देणारे अनेक ग्रंथ अमेरिकन आहेत. तेथे कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून उपचार ठरविणारी परिचारिका, घडविण्यास प्रारंभ केला. ग्रंथ चांगले असले, तरी ते जसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे. पॅरासिटॅमॉल तेथे ॲसिटॅमिनोफेन, सालब्युटॅमॉल अल्ब्युटेरॉल व पेथिडीन मेपेरिडीन या नावांनी आढळते. नावांचा घोटाळा शब्दसूचीने मिटेल. इन्शुलिनचा मिटत नाही. भारतात इन्शुलिनच्या कुप्या बहुधा दर मिलिलिटरला ४० एककांच्या, तर अमेरिकेतील सामान्यतः १०० एककांच्या असतात. १०० एककांचे इन्शुलिन ४० एककांच्या सिरिंजमध्ये भरल्यास रुग्णास अडीचपट मात्रा मिळते व रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत उतरू शकते. उलटपक्षी, भारतात सर्रास वापरलेले नायमेसुलाइड अमेरिकेत मान्यताप्राप्त नाही. त्यामुळे १२ वर्षांखालील मुलांस ते देण्यास भारतात २०११ मध्ये झालेली मनाई तेथील ग्रंथात शोधूनही सापडणार नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने अलीकडे अतिदक्षता परिचर्येसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. जुलै २०२१ मध्ये राजपत्रित झालेल्या पदवी अभ्यासक्रमात तर औषधयोजनेची मूलतत्त्वे हा घटकच समाविष्ट आहे. अभ्यासक्रम पुढे गेला असला, तरी अधिकार तितका वाढलेला नाही : अनुसूची ‘एच’ मधील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकता येतात. त्यामुळे परदेशी ग्रंथातील औषधयोजनेची प्रकरणे येथे विचारपद्धती म्हणून उपयुक्त आहेत, परवाना म्हणून नव्हेत. त्यांच्या जोडीला ३८४ औषधांची राष्ट्रीय आवश्यक औषधसूची (२०२२) व रुग्णालयाची लेखी उपचारपद्धती ठेवावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनींपुढे आणखी एक अडचण असते : हे ग्रंथ इंग्रजीत, तर औषध केव्हा व कसे घ्यावे, हे रुग्णास मात्र मराठीत सांगावयाचे असते.