गावाचा वीर

श्रोतेहो, आपणांपैकी पुष्कळांचे मूळ गाव कोठे तरी खेड्यात असेल. तेथील देवळापाशी, वेशीजवळ किंवा पाराखाली उभी असलेली एखादी कोरीव शिळा आपण पाहिली असेल. कोणी तिला शेंदूर लावतो, कोणी तिच्यावर धुणेही बडवतो. मी एका खेड्यात शिक्षक असताना अशाच एका शिळेवरून रोज शाळेस जात असे. एके दिवशी चौथीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, हा खाली आडवा पडलेला माणूस कोण?" मी म्हणालो, "असेल कोणी देव!" इतिहास शिकविणाऱ्या माणसाचे हे उत्तर. पुढे थोडे वाचन झाले, तेव्हा कळले की तो देव नव्हता. लढाईत पडलेला माणूस होता, आणि ती शिळा म्हणजे त्या गावाचे युद्धस्मारक होते. त्या मुलाचे ते उत्तर माझ्याकडे अद्याप येणे आहे. ते देण्याचा आज प्रयत्न करतो.

अशा शिळेस वीरगळ म्हणतात. कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड. 'वीरगल्लु' म्हणजे वीराचा दगड, तोच आपला वीरगळ. आपण पुस्तक वरून खाली वाचतो; वीरगळ खालून वर वाचावयाचा. तळच्या चौकटीत युद्धाचा प्रसंग असतो. कित्येकदा तेथे गाईही दिसतात. शत्रूने गावची गुरे वळवून नेली, ती सोडविण्यास जो धावला आणि पडला, त्याचे ते स्मरण. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्या वीरास स्वर्गी नेत असतात. आणखी वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. माथ्याशी चंद्रसूर्य असतात. जोवर ते, तोवर याची कीर्ती. सर्वांत वर पुष्कळदा कलश असतो.

हा कलश नीट पाहावा. कलश शोभतो तो देवळाच्या शिखरावर. राजास देवालय बांधता येई, सरदारास छत्री उभारता येई. साध्या शिपायासाठी तेवढा खर्च कोण करणार? तेव्हा पाथरवटाने एकाच दगडात मजल्यावर मजला चढवून लहानसे देऊळच उभे केले. पायथ्याशी मरण, माथ्याशी देव, आणि मध्ये चढण. वीरगळाच्या बांधणीचे मर्म मला तरी यातच दिसते.

या स्मारकांतील एक अपूर्व नमुना पाहण्यासाठी मुंबईकरांना दूर जावयास नको. बोरिवलीजवळचे एकसर हे साष्टीतील जुने गाव आता शहराच्या पोटात गेले आहे. तेथील सहा वीरगळांचे वर्णन १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात आहे. त्यांतील मोठ्या शिळा सुमारे १० फूट उंच आहेत. कोठे जमिनीवरील झुंज आहे, कोठे हत्ती आहेत. परंतु पाहणारा खिळून राहतो तो गलबतांपाशी. उंच नाळेची, डोलकाठीची गलबते, त्यांच्या कडेने वल्ह्यांची रांग, वर धनुर्धारी, आणि पाण्यात कोसळणारी माणसे! समुद्रावरील लढाईचे असे शिल्प आपल्याकडे फार दुर्मिळ.

ही लढाई कोणती? गॅझेटियरकारांनी या शिळा अकराव्या-बाराव्या शतकांतील मानल्या. पुढे अनेक अभ्यासकांनी त्यांचा संबंध सुमारे १२६५ सालच्या युद्धाशी जोडला. देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणच्या शिलाहारांवर स्वारी केली. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात नाहीसा झाला आणि त्या घराण्याचे राज्य संपले. महादेवाचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने या प्रसंगाचे वर्णन मोठ्या अलंकारिक रीतीने केले आहे. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातील वडवानल सोमेश्वरास बरा वाटला, असा त्याचा आशय आहे.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे. जिंकलेल्या राजाच्या पदरी पंडित होता. त्याने आपल्या धन्याची स्तुती केली आणि हरलेल्याची थट्टा. पण एकसरच्या शिळेवर पाण्यात पडणाऱ्या माणसाची थट्टा नाही. त्याला अप्सरा हाती धरून वर नेत आहेत. मरणाराचे नाव आज वाचावयास मिळत नाही. त्याचे मरण मात्र स्वच्छ वाचता येते. इतिहासाचे हे दोन ग्रंथ आहेत. एक दरबारात लिहिला गेला आणि दुसरा दगडावर कोरला गेला. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे पहिलाच तेवढा शिकविला.

आणि दुसऱ्याची पाने गळत चालली आहेत. रस्ता रुंद होतो, वीरगळ उपटला जातो. देवळाचा जीर्णोद्धार होतो, तो पायात गाडला जातो, किंवा भक्तीपोटी त्यावर तैलरंगाचे थर चढतात आणि रेघा बुजून जातात. हे करणारी माणसे दुष्ट नव्हेत. मीही त्यांच्यासारखाच अजाण होतो. ज्यास वाचता येत नाही, त्यास ग्रंथ आणि रद्दी सारखीच.

म्हणून एवढेच मागणे आहे. पुढील सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना घेऊन त्या शिळेपाशी बसा, आणि तळापासून वर एकेक चौकट वाचून दाखवा. मूल नक्की विचारील, "हा खाली पडलेला कोण?" तेव्हा माझ्यासारखे उत्तर देऊ नका. सांगा, "बाळ, हा आपल्या गावचा माणूस. गावासाठी पडला, आणि गावाने त्याला विसरायचे नाही असे ठरविले होते."