वैमानिकीय इलेक्ट्रॉनिकी, एकत्रित
विमानातील संदेशवहन, मार्गनिर्देशन, उड्डाण-नियंत्रण इ. कार्यांची इलेक्ट्रॉनीय उपकरणे परस्परांना जोडून त्यांची एक प्रणाली बनविण्याचे तंत्र. प्रारंभी प्रत्येक उपकरणाच्या तारा स्वतंत्र असत. उपकरणांबरोबर तारांचे वजनही वाढत गेले. म्हणून १९७३ साली अमेरिकेत लष्करी विमानांकरिता मिल-एसटीडी-१५५३ हे मानक तयार झाले. त्यानुसार पिळलेल्या तारांची एकच जोडी अनेक उपकरणांची माहिती आळीपाळीने, सेकंदाला १० लक्ष बिट या वेगाने, वाहून नेते. बिघाड झाल्यास उपयोगी पडावी म्हणून दुसरी जोडीही ठेवतात. १९९५ साली सेवेत आलेल्या बोइंग ७७७ विमानात अनेक उपकरणांची गणनकार्ये दोन सामाईक कपाटांत एकवटण्यात आली.

तारा कमी झाल्या, तरी जोडणीची जबाबदारी वाढली. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे एमडी-११ विमान कॅनडातील नोव्हास्कोशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून २२९ जण मृत्युमुखी पडले. तारांतील विद्युत् प्रज्योतीमुळे आग लागली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. आगीच्या संभाव्य स्थानी मागाहून बसविलेल्या करमणूक यंत्रणेची तार होती आणि या यंत्रणेचा वीजपुरवठा प्रवासी-कक्षाच्या स्विचाने बंद होत नव्हता. यावरून नवे उपकरण बसविताना त्याच्या कार्याइतकाच त्याच्या जोडणीचा संपूर्ण विमानावरील परिणाम तपासणे आवश्यक असल्याचे दिसून येते.